टेकडीच्या वाटेवरचा चुना

आमच्या तालुक्याच्या शाळेत शनिवारी श्रमदान असायचं. शाळेमागच्या टेकडीवर देवीचं देऊळ होतं आणि तिथवर जाणारी वाट आम्ही मुलं राखायचो. काटे तोडायचे, पावसाने वाहून आलेले धोंडे बाजूला सारायचे आणि शेवटी वाटेच्या दोन्ही कडांच्या दगडांना चुना लावायचा. चुना लागला की गुरुजी खाली उभे राहून वर बघायचे आणि म्हणायचे, "आता कशी शोभते!" आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. मी इंजिनिअर झालो तो त्या शाळेमुळे. राखलेल्या वाटेला चुना असतोच, हेही मी तिथेच शिकलो.

पुढे मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मला नोकरी लागली आणि मी गुडगावच्या एका नव्या सेक्टरमध्ये खोली घेतली. सेक्टर म्हणजे निम्मे खड्डे आणि निम्मे बोर्ड. इथे पोहण्याचा तलाव होणार, इथे क्लब होणार. कंपनीच्या बसच्या खिडकीतून रोज अरवलीची बुटकी रांग दिसायची आणि तिच्यावरून डोक्यावर चाऱ्याचे भारे घेतलेल्या बायका एका ओळीने उतरताना दिसायच्या. म्हणजे वाट होती. एका रविवारी मी ती शोधून चढलो. गावामागून निघून ती बंद पडलेल्या दगडखाणीच्या कडेने जोहडापर्यंत, म्हणजे गुरांच्या तळ्यापर्यंत जायची आणि तिथून थेट माथ्यावर. वर वारा होता. खाली कुठेतरी मोर ओरडत होता. उत्तरेत आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मी डबा पोटभर खाल्ला.

त्यानंतर मी दर रविवारी जायला लागलो, आणि दर महिन्याला वाट थोडी थोडी कमी होत होती. नव्या इमारतींचा राडारोडा, तिथे ज्याला मलबा म्हणतात तो, ट्रकवाले वाटेच्या तोंडाशी ओतून जायचे. वरच्या बाजूने विलायती बाभूळ आत सरकत होती. असंच चालू राहिलं तर दोन वर्षांत इथे वाट होती हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

मराठी मंडळाच्या गणपतीत मला जवळच्या लष्करी छावणीतले एक सुभेदार भेटले, साताऱ्याकडचे. मी त्यांना वाटेबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "बोलताय काय नुसतं? फावडं कुठाय?" पुढच्या रविवारी ते सुट्टीवरच्या चार-पाच जवानांना घेऊन हजर झाले. बरोबर त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, भाकरी आणि ठेच्याचा डबा घेऊन.

डोंगरावर आमच्याआधीच एक गट यायचा. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरांत राहणारी, वेगवेगळ्या राज्यांतून आलेली मंडळी दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला येत. त्यांच्या पुढारी एक तमिळ बाई, मंत्रालयात अधिकारी. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी सुभेदारांच्या कोयत्यापुढे हात धरला.

"सुभेदार साहब, ये धौ है. यहाँ का अपना पेड़ है. इसको मत काटिए."

"मॅडम, काँटा चुभता है तब नाम नहीं बताता."

"इसमें काँटा है ही नहीं!"

वहिनी खदखदून हसल्या. "घ्या! लढाईला निघाले आणि आपल्याच माणसावर गोळी."

त्या दिवसापासून रीत पडली. मॅडमचा गट पुढे चालायचा आणि राखायच्या झाडांना जुन्या साड्यांच्या चिंध्या बांधायचा. मागून आम्ही फक्त विलायती बाभूळ तोडायचो. मलब्यातल्या विटा आम्ही चढावाच्या पायऱ्यांना वापरल्या. पावसाळ्याच्या तोंडाशी वाट खालपासून माथ्यापर्यंत मोकळी झाली.

मग शोभेचं काम. मी चुन्याची गोष्ट काढली तसा सुभेदारांचा चेहरा खुलला. छावणीत तर झाडाच्या बुंध्यापासून फुलांच्या वाफ्यापर्यंत सगळ्याला गेरू-चुना. एक दिवसभर आम्ही दगड रंगवले. गावाजवळच्या सपाट तुकड्यावर दगड नव्हते, तिथे सुभेदारांनी दोरी धरून चुन्याच्या भुकटीच्या दोन सरळ रेघा ओढल्या. संध्याकाळी मी खाली उभा राहून वर बघितलं. गुरुजींची फार आठवण आली.

पुढच्या रविवारी वाटेचं तोंड बंद होतं. बाभळीच्या फांद्यांचा छातीएवढा ढीग, आणि पुढे खाटेवर गावातले एक म्हातारे हुक्का घेऊन बसलेले. त्यांना सगळे ताऊ, म्हणजे थोरले काका, म्हणत. मागे लाठ्या घेतलेले पुरुष, त्यांच्याही मागे भारेवाल्या बायका.

"कौन सी कंपनी के हो?" ताऊंनी विचारलं.

मी माझ्या कारखान्याचं नाव सांगितलं.

"प्लॉट कितने का काटोगे?"

"कसला प्लॉट?" मी मराठीतच बोलून गेलो.

ताऊ हसले नाहीत. "बेटा, पैले चूना पड़ै सै. फेर खूँटी गड़ै सै. फेर दीवार. फेर चौकीदार पूछै सै, ताऊ, कहाँ जा रहा है?" त्यांनी मागे, आमच्या सेक्टरच्या दिशेला हात केला. "वहाँ मेरी भैंस चरती थी."

मी राहत होतो ती जमीन. माझ्या गावात चुन्याची रेघ म्हणजे खो-खोचं मैदान, नाहीतर पंधरा ऑगस्ट. इथे ती बिल्डरची पहिली खूण होती, आणि ती आम्ही त्यांच्या गुरांच्या वाटेवर दोरी धरून, हौसेने ओढली होती.

सुभेदारांचा हात ओळखपत्र काढायला खिशाकडे गेला. "हम फौजी हैं, ताऊ, कोई चोर नहीं."

"अहो, ठेवा ते," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी चोर म्हटलंय का तुम्हाला? चुना आपण लावला ना? आपणच काढायचा."

त्या काट्यांच्या ढिगाला वळसा घालून गेल्या, पहिल्या पांढऱ्या दगडापाशी बसल्या आणि मूठभर वाळू घेऊन तो घासायला लागल्या. कुणी त्यांना अडवलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसलो. थोड्या वेळाने सुभेदारही आले. "गेरू असता तर एवढं झालं नसतं," ते पुटपुटले. वहिनींनी नुसतं बघितलं तसे वाळूची मूठ घेऊन घासू लागले. मॅडम आणि त्यांची माणसं आली, तीही बसली. चुना लावायला दिवस लागला होता, काढायला त्याहून जास्त लागला, कारण दगडाच्या छिद्रांतून तो निघत नव्हता. उन्हं चढल्यावर भारेवाल्या बायकांपैकी एक ताकाची चरवी घेऊन आली. वहिनींच्या हातांकडे बघून तिने आपल्या ओढणीचं टोक फाडून दिलं, बोटांना गुंडाळायला. मग ती ताऊंना काहीतरी बोलली. काय ते मला कळलं नाही, पण लाठीवाल्यांनी फांद्या ओढायला सुरुवात केली.

त्यानंतर गावही रविवारी यायला लागलं. आम्ही तोडलेली बाभूळ सरपणाला आणि कुंपणाला गावाकडे जायची, म्हणून तोडणं दुप्पट वेगाने व्हायला लागलं. चिंध्या बांधलेल्या झाडाला कुणाच्या शेळीने तोंड लावलं की बायकाच ओरडायच्या. मलब्याचा ट्रक दिसला की गावातली माणसं आडवी उभी राहायची, आणि मॅडम सोमवारी कुठल्या कचेरीत कुणाला भेटायचं ते बघायच्या.

हिवाळ्यात एका सकाळी मी बसची वाट बघत होतो, तर ताऊ स्वतः काठी टेकत सेक्टरच्या फाटकाशी आले.

"बेटा, सच बताना. यो चूना थारा तो नहीं सै?"

मी त्यांच्याबरोबर गेलो. त्या दिवशीची बस मी सोडली. सपाट तुकड्यावर वाटेला आडव्या, सरळ, पांढऱ्या रेघा होत्या. टोकांना खुंट्या, खुंट्यांना लाल कापड.

"नाही ताऊ," मी म्हणालो. "हमारा नहीं है."

त्यांनी मान डोलावली. विचारलं याचं मला वाईट वाटलं नाही. आमचा असता तर आम्ही काढला असता, एवढं त्यांना माहीत होतं, म्हणून तर ते विचारायला आले होते.

बिल्डरच्या माणसाचं म्हणणं एकच होतं: इथे वाट नाहीच, नुसतं रान आहे. मॅडमनी तहसीलचा पटवारी, म्हणजे आपला तलाठी, जागेवर बघायला येईल एवढं जमवून आणलं. तोवर आम्ही एकच काम केलं. रोज चाललो. सकाळी ड्यूटीच्या आधी मी, परेडनंतर जवान, दुपारी शेळ्या, संध्याकाळी भारेवाल्या. रेघा पायांखाली जात होत्या. ते पुन्हा ओढायचे, आम्ही पुन्हा चालायचो. पटवारी आला त्या दिवशी बिल्डरचा माणूस म्हणत होता, "देखिए, सब जंगल है," आणि त्याच्या मागून ताऊंच्या म्हशी आमच्या विटांच्या पायऱ्या चढत होत्या. एका म्हशीने त्याला शेपटी मारली. पटवारी हसला, वर जाऊन माथ्यापर्यंत बघून आला आणि त्याने कागदावर वाट नोंदवली.

भिंत थांबली नाही. पण वाटेच्या जागी तिच्यात फट सोडावी लागली. किती रुंद यावर बराच वाद झाला. शेवटी ताऊंनी दोन म्हशी शेजारी-शेजारी उभ्या केल्या आणि गवंड्याला म्हणाले, "इतना."

भिंत पुरी झाल्यावरच्या पहिल्या रविवारी फटीपाशी खुर्ची टाकून नवा चौकीदार बसला होता. गणवेशाच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. वहिनी सगळ्यांच्या पुढे होत्या, खांद्यावर कुदळ.

"कहाँ जा रहे हो?" त्याने विचारलं.

मी मागे वळून ताऊंकडे पाहिलं. ते काठीवर रेलून थांबले होते.

"ऊपर," वहिनी म्हणाल्या. "काम है. शामको लौटेंगे. तुम यहीं बैठे हो ना? फिर एक मटका भरके रखो, सबको प्यास लगेगी."

तो गोंधळून उठला आणि त्याने खुर्ची बाजूला घेतली. वहिनी गेल्या, मग मॅडम चिंध्यांची पिशवी घेऊन, मग सुभेदार आणि मी. ताऊ सगळ्यात शेवटी, आपल्या चालीने, म्हशींबरोबर.

संध्याकाळी उतरलो तेव्हा भिंतीच्या सावलीत मटका होता. त्यावर उलटी ठेवलेली वाटी.