चढलेला संबळ

माझा गळा गेला नव्हता, संबळ वर गेला होता. हे सगळ्यांच्या आधी मला कळलं, कारण त्रास मला होत होता.

आमचा आराध्यांचा मेळा आहे. कुणाच्या घरी देवीची परडी भरायची असली, लग्न झाल्यावर आईचं करायचं असलं, की आम्हाला बोलावणं येतं. मग गळ्यात कवड्यांची माळ घालून आम्ही जातो. मी गाते. माझा धाकटा दीर संबळ वाजवतो. त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ, झांज धरते आणि माझ्या मागून ओळ उचलते. गल्लीतला एक म्हातारा तुणतुणं वाजवतो. त्याच्या तोंडात दात नाहीत, पण तोंड बंद नसतं. एवढाच आमचा मेळा.

आमच्यात रीत अशी की आधी संबळ बोलतो. तो जिथं बोलेल तिथं तुणतुण्याची तार लावायची, आणि तार लागेल तिथं गाणाऱ्याने तोंड उघडायचं. संबळाला कुणी खाली ये म्हणत नाही. माझे सासरे वाजवायचे तेव्हाही कुणी म्हटलं नाही. सासऱ्यांना म्हणायची गरजही नव्हती. दोन-तीन वर्षांपासून गरज होती आणि तरी कुणी म्हणत नव्हतं.

दिराला लोक फार मानतात. किनवटच्या जंगलातल्या गावांपासून लातूरपर्यंत कुणी आमचा मेळा येणार का असं विचारत नाही, संबळवाला येणार का असं विचारतात. नायगावच्या बाजारात हॉटेलवाला त्याला लांबून बघितलं की चहा टाकतो. पोरं मोबाईलवर त्याच्या हातांचे व्हिडिओ काढतात, नुसत्या हातांचे, आणि ते गावोगाव फिरतात. ते खोटं कौतुक नाही. हात आहेतच तसे. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जात होता आणि जेवताना ताटावर बोटं वाजवायचा. तेव्हापासून मी त्याला अरे-तुरे करते. तो मला अजून तुमी म्हणतो.

मधली काही वर्षं लग्नसराईत त्याला डीजेवाले नेत. गाडीवर भिंतीसारख्या पेट्या रचलेल्या, आणि त्यांना पाठ लावून हा उभा. घरी आला की म्हणायचा, कानात रातकिडे ओरडायलेत. पुढं ते म्हणायचं बंद झालं. जाऊ म्हणाली, बरं झालं, थांबले एकदाचे. मला ते काही बरं वाटलं नाही. ओरडणारं गप्प होतं तेव्हा ते गेलंच असं नसतं.

संबळाची दोरी तो थोडी थोडी जास्त आवळू लागला. उजव्या बाजूचं लहान भांडं तर इतकं ताणलेलं असायचं की काडी पडली की माझ्या दातांत कळ यायची. त्याला मात्र तेच बरोबर वाटायचं. ढिल्या चामड्याचा आवाज त्याला पोचत नव्हता, म्हणून तो पोचेपर्यंत आवळत होता. पण हे नंतर कळलं. आधी नुसतं दिसायचं की म्हातारा तार चढवतो, तार तुटते, तो दुसरी घालतो, तीही तुटते.

"आजकाल तारंत भी भेसळ हाय," म्हातारा म्हणायचा. "दूधवाल्यानं तारंचा कारखाना काडला जणू."

"हवा वली हाय," दीर म्हणायचा. "चामडं उतरतंय. आवळावं लागतं."

वैशाखात, पत्रे तापून घरात बसवत नव्हतं तेव्हाही तो हवा ओली आहे म्हणाला. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, आणि म्हाताऱ्याने खाली मान घालून नवी तार घातली.

मला तो सूर गाठता येईना. वर ओढायला गेले की आवाज फाटायचा. ऐकणाऱ्या बायका म्हणू लागल्या, आराधीण थकली आता, मेळ्यात एखादी तरणी घ्या. मी थकलेली आहेच, ते मी कुणाला नाही म्हणत नाही. पण घरी जात्यावर बसल्यासारखं खालच्या आवाजात म्हटलं की गाणं सरळ येत होतं. म्हणजे गळा शाबूत होता.

मग एकदा जाऊ सांगत आली. ती विहिरीवर गेली होती, कुकर गॅसवर होता, आणि दीर त्याच्या शेजारी पाटावर बसून संबळ पुसत होता. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, पाणी संपलं, डाळ जळून घर धुरानं भरलं. धूर डोळ्यांत गेला तेव्हा तो उठला.

"नादात असतात ते," जाऊ म्हणाली.

"नादात न्हाई. त्याला ऐकू येत न्हाई," मी म्हटलं.

तिने दार लावून घेतलं. "आक्का, हळू बोला. नवरात्र तोंडावर हाय. ह्ये बाहेर गेलं तर त्यांना कोण बोलावंल?"

तिला संबळाची काळजी होती. मला दुसरीच होती. मुदखेडला आमची वस्ती रुळांच्या पलीकडे आहे. गावात जायला पूल आहे, पण तो लांब पडतो, म्हणून सगळे पायवाटेनं रूळ ओलांडतात. इथं जंक्शन आहे, गाड्या दोन्हीकडून येतात, मालगाड्या मागं-पुढं होत असतात. आमच्या वस्तीतला माणूस रुळाकडे बघत नाही, कानाने ओलांडतो. जन्मभराची सवय आहे. दीरही तसाच ओलांडायचा, काखेत संबळ, मान खाली. कान गेले तर त्याचा संबळ जाईल हे खरंच होतं. पण संबळ जायच्या आधी तो स्वतः जाईल, असं मला दिसू लागलं.

दिसलंही. पावसाळा सरताना आम्ही नायगावहून येत होतो. ऊन लख्ख होतं. रुळांपाशी आलो तर इंजिनानं लांबून भोंगा दिला, आम्ही थांबलो. पुढं एक बाई डोक्यावर भारा घेऊन होती, तीही थांबली. दीर चालतच राहिला. मी ओरडले. जाऊ ओरडली. तो मान खाली घालून एक पाय खडीवर टाकून मोकळा झाला. मी धावले आणि संबळाचा पट्टा धरून त्याला मागं ओढलं. तो पडता पडता वाचला आणि माझ्यावरच चिडला.

"कामून वढायल्या, वहिनी? फुटला असता ना संबळ!"

एवढं म्हणतो तोवर गाडी त्याच्या पाठीमागून गेली. वारा लागून त्याचा सदरा फुगला. डबे संपेपर्यंत तो वळला नाही. मग म्हणाला, "चालता चालता डुलकी लागली व्हती."

जाऊ रडत होती. मी त्याच्या तोंडासमोर उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "डुलकी न्हाई. तुला ऐकू येत न्हाई. दवाखान्यात चल."

तो हसला. मोठ्याने, आजकाल बोलायचा तसा. "तुमचा गळा गेला म्हून आता माझे कान नेता का वहिनी?"

त्याने हे चारचौघांतही सांगितलं. लोकांना पटलं, कारण माझा फाटका आवाज सगळ्यांनी ऐकला होता आणि त्याचे हात तर मोबाईलवर होते. म्हाताऱ्याला मी म्हटलं, तू तरी सांग, तार तुझी तुटते. तो म्हणाला, "संबळाला कसं सांगावं बाई? मी त्याच्या मागचा. मागच्यानं मागंच ऱ्हावं." आणि दीर तसाच मान खाली घालून रुळांवरून जात-येत राहिला. भोंगा झाला की मी हातातलं टाकून दारात यायची. बहुतेक वेळा तो घरातच असायचा.

लातूरला एका मास्तरांच्या घरी परडी भरायची होती. दुपारची वेळ. हॉल पाहुण्यांनी भरलेला, नैवेद्याच्या पोळ्यांचा वास, पंखे चालू. पोरींनी मोबाईल वर धरलेले. दिराने संबळ मांडला आणि दोरी आवळली. मी म्हटलं, बस झालं. त्याचं लक्ष नव्हतं. तो आवळतच राहिला. म्हाताऱ्याची तार पहिल्याच पिळाला तुटली. दुसरी कशीबशी टिकली.

मी गाणं उचललं. पहिलं कडवं ओढत नेलं. दुसऱ्याला आवाज फाटला, तेव्हा मागच्या दोन बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मला राग आला, पण रागानं मी थांबले नाही. विचार करून थांबले. आमच्यात आईचं गाणं मधे सोडत नाहीत. घरात कुणी पडलं तरी गाणं पुरं करून उठायचं. मी कडव्याच्या मधे तोंड मिटलं. जाऊच्या हातातली झांज थांबली. म्हाताऱ्याचं बोट तारेवरून उतरलं.

दीर वाजवत राहिला.

डोळे मिटलेले, मान डोलत होती. जिथं मी ओळ संपवते तिथं त्याने थाप दिली. जिथं जाऊ मागून उचलते तिथं तिच्यापुरती जागा सोडली, आणि मग पुढं निघाला. एक काडीही चुकली नाही. नुसत्या संबळावर अख्खं गाणं चाललं होतं आणि त्यात कुणी गात नव्हतं. आधी पाहुण्यांना वाटलं हा काही प्रकार आहे. मग एकेक मोबाईल खाली आला. मास्तरांची बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काय झालं हो?" मी म्हटलं, थांबा.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. माझं तोंड बघितलं. मग जाऊचं, मग म्हाताऱ्याचं. काड्या आपोआप चालत होत्या. त्याने गाणं शेवटपर्यंत नेलं, शेवटची थाप दिली आणि काड्या मांडीवर ठेवल्या. चेहरा राखेसारखा झाला होता.

मी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि दोरीकडे बोट केलं. तो दोरी सोडू लागला. थोडी सोडायचा, बोटाने चामडं वाजवायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायची, नाही. परत सोडायचा. नाही. सासऱ्यांच्या जागेवर सूर आला तेव्हा मी हो म्हटलं. त्याला तो ऐकू आला नाही, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. मग मी गाणं पहिल्यापासून घेतलं आणि ते सरळ गेलं. बायका नंतर म्हणाल्या, आज आराधणीचा गळा काय लागला!

जीपमध्ये तो सगळ्यांत मागे, संबळ मांडीवर घेऊन बसला. म्हातारा म्हणाला, "चला, माझ्या तारा वाचल्या."

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलं ते परत येत नाही, उरलं ते जपा. त्यांनी मशीन दिलं. ते घातलं की सगळं पत्र्यावर खडे ओतल्यासारखं ऐकू येतं, म्हणतो, आणि खिशात रुमालात गुंडाळून ठेवतो. बोलावणी कमी झाली नाहीत. संबळ मी लावून देते, म्हणजे तो दोरी ओढतो आणि मी मान हलवते. मी आहे तोवर चालेल. माझं वय झालं आहे, जाऊला सुराची पारख नाही.

रूळ ओलांडायची युक्ती त्यानं स्वतःच काढली. काठाशी येतो, वाकतो आणि रुळाला तळहात लावतो, चामड्याला लावतो तसा. थरथर असली की थांबतो. पोरं त्याचाही व्हिडिओ काढतात.

पण तिथं एकाशेजारी एक अशा दोन लायनी आहेत आणि तो अलीकडच्याच रुळाला हात लावतो. मी त्याला सांगितलं, खुणा करून दाखवलं, हाताला धरून पलीकडच्या रुळापाशी नेलं. पुलावरून जात जा म्हटलं, तर म्हणाला, "पूल म्हाताऱ्यांसाठी असतो, वहिनी."

आमच्या घराच्या ओट्यावरून रूळ दिसतात. मी तिथं बसलेली दिसले की दोन्ही लायनींना हात लावतो आणि माझ्याकडे बघून दात काढतो. मी ओट्यावर नसले की काय करतो, ते मला माहीत नाही.