छप्पर नसलेलं वर्गमूळ

कारंज्याहून मंगरूळपीरला येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरनं उतरता उतरताच सांगितलं, "गुरुजी, छापखान्यातले रहीमभाई गेले. परवाच माती झाली." मी घरी आलो आणि चपला न काढता तसाच ओट्यावर बसून राहिलो... त्याला आता दीड महिना होईल.

कारंज्याच्या शाळेत गणित शिकवायचो तेव्हा मला पुस्तक काढायची हौस आली. मराठीतून बीजगणित, आपल्या वऱ्हाडातल्या पोरांना कळेल असं. रहीमभाई तिथल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. लग्नपत्रिका आणि सरकीच्या जाहिराती छापणारा तो छापखाना, तिथं वर्गमुळाच्या चिन्हाचा खिळा कुठून असणार? रहीमभाईंनी ते घरीच घडवलं. शिशाचा तुकडा घासून खूण केली आणि तिच्यावर पितळेची बारीक पट्टी आडवी बसवली. त्या पट्टीला ते छप्पर म्हणत.

पुस्तक वर्गात आलं आणि पहिल्याच आठवड्यात घोटाळा. नऊ अधिक सोळा, या सगळ्या बेरजेचं वर्गमूळ पाच. पण छापलेलं छप्पर नुसत्या नवावर. नवाचं मूळ तीन, त्यात सोळा मिळवून अख्खा वर्ग एकोणीस म्हणायला लागला, आणि मागे उत्तर पाच! माझं डोकंच फिरलं. प्रूफ मीच तपासलं होतं, हे सोयीस्कर विसरलो. दोन विद्यार्थ्यांना घेऊन तडक छापखान्यात गेलो आणि मालकासमोर रहीमभाईंना नाही नाही ते बोललो.

"कागदावर होतं तसंच लावलं, गुरुजी," ते हळूच म्हणाले.

"खोटं बोलू नका!"

त्यांचा हात टेबलाच्या खणाकडे गेला. मग त्यांनी माझ्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. मालकानं त्यांना पुस्तकाच्या कामावरून काढलं.

पुढच्या शुक्रवारी नमाज आटोपून ते माझ्या दारात हजर. "गुरुजी, छपराचा भरवसा नाही. त्याच्याबिगर लिवता येत नाही काय?" मी घुश्शातच पाटी ओढली. बेरीज कंसात घातली आणि वर बारीक घातांक लिहिला, एक-द्वितीयांश. घनमूळ असेल तर एक-तृतीयांश.

"मंग आधी काहून नाही सांगलं? कंसाले दोन्हीकून भिंती हायेत. आतलं बाहेर जात नाही." मग म्हणाले, "अन् मुळाचं मूळ? अर्ध्याचं अर्धं... पाव?" सोळाचं मूळ चार, चाराचं दोन, असं त्यांनी बोटांवर ताडून पाहिलं आणि केवढे खूश झाले! मालकाची मनधरणी करून ती सगळी पानं त्यांनी पुन्हा जुळवली. पुढे आमचं येणंजाणं वाढलं. माफी मात्र मी कधीच मागितली नाही.

गेल्या आठवड्यात कारंज्याला त्यांच्या घरी गेलो. भाभींनी एक पुडकं पुढे ठेवलं. आत ती पितळी पट्टी, आणि माझ्या हस्तलिखिताचं एक पान. "फाडून टाकू म्हनलं त रागावले होते," भाभी म्हणाल्या. "म्हने, गुरुजीच्या हातचं हाय, राहू दे. पन कोनाले दाखवू नोको."

पान उलगडलं. अक्षर माझं, शाई माझी. नऊ अधिक सोळा... आणि वरची रेघ नवावरच थांबलेली.

आरोप चारचौघांत केला होता, म्हणून कबुलीही इथे चारचौघांत देतो आहे. पान हाती आलं त्या दिवशी मात्र ऐकायला फक्त भाभी होत्या. "चुकलो हो, रहीमभाई," मी म्हटलं, आणि ती पट्टी पानावरच्या रेघेवर ठेवून, सोळापर्यंत ओढून तशीच धरून बसलो.