अक्षरी पाचशे सत्तर

तीन फेब्रुवारीला ताळेबंदांनी दोन हजार आठशे पन्नास रुपये भरून एक टाइप विकत घेतला. टाइप म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं अक्षरांचं वळण. हा जाडजूड होता, जुन्या जाहिरातींत असायचा तसा. प्रत्येक काना खाली पोचल्यावर पाय पसरून बसलेला, वेलांटीला मिशीसारखा पीळ, अक्षराच्या पोटातून एक बारीक पांढरी रेघ आणि पाठीमागे सावली.

ताळेबंद हे ऑफिसने ठेवलेलं नाव. हिशेब खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं कुठलं नाव पडणार, असं ते स्वतःच म्हणत. निवृत्ती चार महिन्यांवर आली होती आणि घरी बसायची नुसती कल्पनाही त्यांना सोसत नव्हती. लेकीने कपडे दुरुस्तीचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा गल्ल्यामागच्या खुर्चीवर त्यांनी मनातल्या मनात रुमाल टाकून ठेवला.

लेक वस्ताद. म्हणाली, "आधी बोर्डाचं आणि छपाईचं तेवढं बघा, बाबा. मग खुर्चीचं बोलू."

"म्हणजे माझी परीक्षा घेतेस?"

"हो. आईनेच सुचवलंय."

दुकानाचं नाव 'नव्यासारखं'. बोर्डावर ते त्या टाइपात असं काही शोभलं, की लोक रस्त्यात थांबून बघू लागले. दुसरा कुणी असता तर इथेच हात झटकून मोकळा झाला असता. पण ताळेबंद वाणिज्य शाखेचे. अक्षरं पाच, म्हणजे अक्षरी पाचशे सत्तर रुपये! त्यांना जेवण गोड लागेना. तोच खर्च जास्त अक्षरांवर पसरवला की दर उतरणार, हे तर पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल. त्यांनी दरपत्रक, दुकानाच्या वेळा, दारावरचं 'ढकला', इतकंच काय, गिऱ्हाइकाला द्यायचे नंबरांचे बिल्लेसुद्धा त्याच टाइपात छापायला दिले.

छापखानेवाला म्हणाला, "काका, हा मथळ्याचा टाइप आहे, लांबून बघायचा. बोटभर बिल्ल्यावर सगळी नक्षी शाईने बुजून जाईल."

"पैसे कुणी भरलेत?"

"तुम्हीच. भोगणारही तुम्हीच. कधी हवेत?"

बिल्ले आले. एक कपड्याला टाचायचा, त्याच नंबराचा दुसरा गिऱ्हाइकाला द्यायचा. पहिल्या शनिवारी लेक बटणं आणायला निघाली आणि "तासभर बसा" म्हणून खुर्ची त्यांच्या हवाली करून गेली. ताळेबंद असे बसले, जणू कुणी राज्याभिषेकच केलाय.

तेवढ्यात शाळेतले व्यायामशिक्षक आले. ताडमाड उंच, आणि घाईत. त्यांनी बिल्ला पुढे केला. ताळेबंदांनी तो जवळ धरला, लांब धरला, चष्मा वर केला. सव्वीस की छत्तीस? बिल्ल्यावर मिशा फुटलेले दोन काळे ठिपके होते. "कुठली पँट हो तुमची?" एवढं विचारलं असतं तर काम झालं असतं. पण छत्तीस वर्षं आकडे वाचायचा पगार घेतलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने विचारायचं? त्यांनी दिमाखात एक निळी पँट काढून कागदात बांधून दिली.

तासाभराने दारात टॅक्सी थांबली. शिक्षक उतरले ते एका हाताने कंबर धरूनच. पँट पोटरीवर संपत होती आणि कमरेत अजून एक माणूस मावला असता. ती बेकरीवाल्याची होती.

"हे काय दिलंत मला? वर तंबू, खाली चड्डी! शाळेचं अख्खं मैदान हसतंय!"

त्यांच्या पाठोपाठ बटणांची पिशवी घेऊन लेक आत आली. तिने एकदा पँटकडे पाहिलं, एकदा बापाकडे.

"बाबा, बिल्ला वाचला नाहीत?"

"वाचला की," ताळेबंद म्हणाले. मग त्यांनी कान खाजवला. "नाही. वाचताच आला नाही. ठोकून दिलं."

"मग विचारायचंत ना!"

"लाज वाटली."

"त्यांची?"

"आकड्यांची गं."

शिक्षकांना आधी हसू फुटलं. हसता हसता कंबर सोडायची नाही, याचीही त्यांना कसरत करावी लागली. त्यांची खरी पँट खुंटीवरच होती. ते पडद्याआड गेले, तेव्हा लेकीने दरपत्रक उतरवलं आणि बिल्ल्यांचा गठ्ठा टोपलीत टाकला.

"बोर्ड राहील. तो झकास आहे. बाकी सगळं साधं छापून घ्या."

"आणि खुर्ची?" ताळेबंदांनी हळूच विचारलं.

"निवृत्त झालात की दुपारची तुमची. पण अडलं की विचारायचं. मोठ्याने."

"आत्ताच विचारतो," ते म्हणाले आणि बाहेर येणाऱ्या शिक्षकांकडे वळले. "मास्तर, टॅक्सीचे किती?"

टॅक्सीचे जाऊन-येऊन दोनशे पंचवीस होत होते. ताळेबंदांच्या खिशात दोनशे निघाले. शिक्षकांचे पंचवीस रुपये अजून द्यायचे आहेत.