पोकळ स्टँड

कुडव्याहून गोंदियाला छोटे स्पीकर घ्यायला गेलो, तेव्हा त्यांचा भरदार आवाज ऐकून मला संशयच आला. मोठा स्पीकर मागे लपवला असेल म्हणून मी त्यांच्यामागचा पडदा सरकवला. तिथे नुसती भिंत होती.

दुकानदार म्हणाला, "स्टँड भी ले जाइए, और उसमें रेती भर लेना."

लोखंडी स्टँड मी टिचकी मारून पाहिले, तर आत पोकळ. रिकाम्या नळ्या विकायच्या आणि रेती गिऱ्हाइकाने भरायची, ही मला सरळ फसवणूक वाटली. नुसते स्पीकर आणून शोकेसवर ठेवले. गाणं लागताच आवाज घुमायला लागला. दुकानदाराने माल बदलला, अशी माझी खात्रीच झाली.

दरेकशाहून आलेल्या माझ्या साळ्याने शोकेसवर हात ठेवला. "भाऊजी, स्पीकरले कायले दोष देऊन राहिले? हे कपाटच वाजून राहिलं ना!"

माझा त्याच्यावरही विश्वास बसेना. मग त्याने स्पीकर उचलून तांदळाच्या दोन भरलेल्या पोत्यांवर ठेवले. भरलेली जड पोती कपाटासारखी वाजत नव्हती; तेच गाणं स्वच्छ ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी स्टँड आणायला गेलो. दुकानदाराने लगेच स्टँड बांधून दिले, तेव्हा मला जास्तच ओशाळल्यासारखं झालं.