काकांसाठी आणलेला माऊस

माझ्या वाक्यांचा आमच्या अक्षरजुळणीवाल्या काकांनी केला तेवढा अपमान आजवर कोणी केला नाही, आणि इतक्या प्रेमाने तर नाहीच नाही. नारायण पेठेतल्या एका जिन्याखालच्या खोलीत बसून ते लेखकांची हस्तलिखितं संगणकावर टाइप करत आणि पुस्तकाची पानं लावून देत. बारा वर्षं मी शिकवते ती शाळा सुटली की त्यांच्या उजवीकडच्या स्टुलावर जाऊन बसायची आणि माझ्या बालकथा छापण्याजोग्या करून घ्यायची. एका पुस्तकात दोनच उद्गारचिन्हं, हा त्यांचा कायदा. तिसरं मागितलं की म्हणत, "शिल्लक नाही. दुसरीकडे बघा." लांब वाक्य आलं की बोटं थांबत. "अहो बाई, हे आज संपणार आहे का? मला मंडईत जायचंय." एका गोष्टीत माझा ससा मेला, तेव्हा तर त्यांनी कामच बंद पाडलं. "मी नाही मारणार त्याला. तुम्ही बसा इथे आणि मारा." ससा वाचला. त्या पुस्तकाला बक्षीस मिळालं म्हणून मी पेढे घेऊन गेले, तर म्हणाले, "सशाला मिळालंय ते."

दिवसाचे दहा तास टाइप करून त्यांचं मनगट सुजलं होतं. पट्टी बांधून, तेल चोळून चालढकल चालली होती. डॉक्टरांनी बजावलं, हाताला सोसेल असा कीबोर्ड-माऊस घ्या, नाहीतर काम सुटेल. "काम सुटल्यावर घरी करू काय?" काका म्हणाले. "बायकोची वाक्यं दुरुस्त करू?" शेवटी मीच त्यांना दुकानात ओढून नेलं. तिथल्या बाईंनी मधोमध दुभंगलेला, दोन्हीकडे उतरता कीबोर्ड पुढे ठेवला.

"हा पडला होता का कुठे?"

"नाही हो काका, अर्गोनॉमिक आहे."

"म्हणजे वाकडा."

तरी त्यांनी उभ्याउभ्या त्याच्यावर पानभर मजकूर टाइप करून पाहिला आणि घेतला. माऊस मात्र एकेक उचलून परत ठेवले. "ते सवडीने बघू," म्हणाले.

मला कुठली सवड! दुसऱ्या दिवशी एकटीच गेले, हस्तांदोलनाला हात पुढे करावा तसा धरायचा एक उभा माऊस हातात घेऊन पाहिला, मला छान वाटला, घेऊन टाकला. काकांनी तो बराच वेळ न्याहाळला. "छान आहे," म्हणाले. बारा वर्षांत माझ्या एकाही गोष्टीला न मिळालेला शब्द! मी तरंगत घरी गेले.

पुढे पानं उशिरा येऊ लागली. वय झालं, असं मी धरून चालले, आणि "ही अगदी शेवटचीच" म्हणत पाचव्यांदा दुरुस्त्या नेऊन दिल्या. एकदा तर चक्क विचारलं, "काका, नवीन माऊस असून एवढा उशीर?" स्वल्पविरामावरून तासभर भांडणारा माणूस त्या दिवशी गप्प बसला, आणि मला त्यात काही खटकलं नाही. याबद्दल मला अजून स्वतःचा राग येतो.

मग एके दिवशी खोलीला कुलूप दिसलं. मी कात्रजला त्यांच्या घरी गेले. काकांच्या दोन्ही मनगटांना पट्ट्या होत्या.

"डावं आधीच दुखत होतं," काकू म्हणाल्या. "डावखुरे ना हे. माऊससुद्धा डाव्या हातानेच चालवायचे. तुम्ही दिलेला उजव्या हाताचा, तो डाव्यात बसेचना. मग या वयात उजव्याने शिकले. आता तेही मनगट गेलं. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलंय. कायमचं."

डावखुरे. पंचवीस वर्षं मी वर्गातलं डावखुरं मूल पहिल्याच तासाला ओळखत आले, त्याला बाकाच्या कडेची जागा देत आले. आणि काकांच्या शेजारी बारा वर्षं बसून मला त्यांचा हात दिसला नाही. पट्टी कुठल्या मनगटाला आहे, तेही नाही. माझी नजर सदा पडद्यावर, माझ्याच वाक्यांवर.

"अहो, मग बोलला का नाहीत? बदलून मिळाला असता."

"इतक्या हौसेने आणला होतात," काका म्हणाले. "कसं सांगणार?"

सगळ्या पेठेला तोंडावर सुनावणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच कोणाचं मन राखलं, ते माझं.

चहा आला. कप बोटांत धरवेना, म्हणून काकांनी तो दोन्ही तळव्यांमध्ये दाबून हळूहळू उचलला. मला माफी मागायची होती, शब्द अगदी ओठांवर होते. आणि मी म्हणाले काय, तर, "सांभाळून हं, गरम आहे."