जवायाच्या टीमचे रोडगे

आमचा जवाई जपानमध्ये घरोघरी गॅसचे सिलेंडर पोचवतो. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मागून कळलं की लोक तोंडं वेगळीच करतात. पोरगी अमरावतीला व्यायामाच्या कॉलेजात शिकली, पुढचं शिकायला जपानला गेली आणि तिथल्याच एका जपानी पोराशी लग्न करून लहान गावात संसार मांडून बसली. लग्न झालं तेव्हा अकोल्यातले नातेवाईक विचारायचे, जवाई कोणत्या कंपनीत? आमचे हे शांतपणे म्हणायचे, "गॅस कंपनीत. डायरेक्ट ग्राहकांशी संबंध असते त्याईचा."

तर हाच जवाई संध्याकाळी गावच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. टीममध्ये एक मास्तर, एक आगीच्या बंबावरचा, एक सोयाबीनचं पनीर बनवणारा. दिवसभर आपापली कामं करायची आणि दिवे लागले की मैदानावर यायचं. आम्ही एकदाच गेलो तिकडे, तेव्हा मॅच पाहिली. लोक गवतावर डबे उघडून बसले होते, आपल्याकडे वनभोजनाला बसतात तसे. गोलच्या मागे साधं कुंपण. मध्येच एक म्हातारी तिथे गेली आणि जवायाशी काहीतरी बोलली. मी पोरीला विचारलं, काय शिकवून राहिली ती त्याले? पोरगी म्हणाली, शिकवत नाही, तिचा गॅस संपला आहे, उद्या सकाळीच आण म्हणते. जवायानं मान हलवली आणि तेवढ्यात आलेला बॉलही अडवला. असं कौतुक वाटलं मला, काय सांगू.

ती टीम हळूहळू वर चढत गेली. आधी जिल्ह्यात, मग विभागात, मग देशभरातल्या हौशी टीमांच्या लीगमध्ये. त्याच्या वर पगारी खेळाडूंची लीग. गेल्या साली पोरीचा फोन आला की आता शेवटची एक मॅच जिंकली की गावची टीम पगारी लीगमध्ये जाते. मी फोन ठेवायच्या आधीच नवस बोलून बसले. हिवरखेडला आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मारोती आहे, त्याला गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे कबूल केले. हे म्हणाले, "तिथल्या टीमले इथला मारोती ओळखीन कसा?" मी म्हटलं, "जवायाले तं ओळखते ना."

मग दोन-चार दिवसांनी पोरीचा पुन्हा फोन. या वेळी आवाज बारीक. म्हणे, वर गेले की सगळं बदलेल. रोज सकाळी सराव, दूरदूरचे दौरे, करारावरचे खेळाडू. याचं वय झालं, गुडघाही दुखतो. वर गेलो तर लागेल म्हणून नवा तरुण गोलकीपर क्लबनं आधीच पाहून ठेवला आहे. टीम खालीच राहिली तर हा आणखी एक वर्ष उभा राहील. "आई, जिंकले तं हे त्याची शेवटची मॅच."

मी समोरचं ताट बाजूला सरकवलं. बोललेला नवस मागे कसा घ्यायचा? यांना म्हटलं, मारोतीला सांगून पाहू का, यंदा राहू दे, पुढच्या साली कर? हे म्हणाले, मारोती म्हणजे काय कोर्ट आहे, तारीख वाढवून द्यायला? हसले, पण त्यांचंही जेवणात लक्ष नव्हतं.

शेवटी मी जवायालाच फोन लावला. तो मराठी आमच्या पोरीकडून शिकला, म्हणून अस्सल वऱ्हाडी बोलतो, फक्त सावकाश. मी म्हटलं, "जवाईबापू, तुमीच सांगा. मी मारोतीले काय मागू?"

मागे सिलेंडर आदळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आई, वर जाऊ द्या म्हना. नाई तं एवढे वर्ष मी बॉल कायले अडवून राहिलो?"

मी नवस तसाच ठेवला.

मॅच आपल्याकडे सकाळी होती. मोबाइल कणकेच्या डब्याला टेकवून आम्ही दोघं बसलो. आपल्या टीमनं एक गोल केला आणि मग उरलेला सगळा वेळ समोरचे आमच्या जवायावर चालून आले. एकदा त्यानं आडवं पडून बोटाच्या टोकानं बॉल बाहेर काढला, तेव्हा यांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. शिट्टी वाजली. सगळे धावत सुटले, एकमेकांच्या अंगावर पडले. जवाई आधी गोलकडे वळला, कमरेत वाकून त्या खांबांना नमस्कार केला आणि मग गेला. आम्ही जिंकलो होतो आणि मी मोबाइलला लागलेली कणीक पुसत बसले.

थंडीत पोरगी-जवाई दोघं आले. नवस फेडायचा होता. हिवरखेडला शेतात गोवऱ्यांचा जगरा पेटवला, वांग्याची भाजी चढवली. जवायानं जिद्दीनं रोडगे स्वतः भाजले. राखेतून हातानंच उचलायचा. हे म्हणाले, कीपरचे हात आहेत, यांना काय चटका लागणार! नैवेद्य त्यानंच ठेवला आणि मारोतीसमोर चांगला वेळ हात जोडून उभा राहिला.

यांनी विचारलं, "काय मागतलं, जवाईबापू?"

"तो नवा पोरगा डाव्या बाजूले कच्चा आहे," जवाई म्हणाला. "त्याले सांभाळ म्हटलं."

मी त्याच्या रोडग्यावर वाटीतलं तूप ओतलं, ते पत्रावळीबाहेर गेलं तरी हात थांबला नाही.

आता त्या टीमची मॅच लागली की आम्ही पाहतो. मैदान मोठं झालं, खुर्च्या आल्या, कुंपणापाशी जाऊन गॅस मागायची सोय राहिली नाही. जवाई त्या वेळी गाडीवर असतो, सिलेंडर घेऊन. मी इथून त्या नव्या पोराकडे पाहते आणि बॉल डावीकडून आला की मोबाइललाच सांगते, "सांभाळ रे बाबू."