वेणेची झिंगेमाय

झिंगेमाय मासा डोळ्यांनी पारखत नसे, हुंगून पारखत असे. नाकाशी नेला की तो आज पहाटेचा की कालचा, हे तिला कळे. आणि कालचा असला तर गिऱ्हाइकाने विचारायच्या आत ती सांगून टाके. "हा कालचा हाये. मांजरीसाठी ने, पाव्हन्यासाठी नोको नेऊ." हिंगणघाटच्या आठवडी बाजारात स्वतःच्याच मालाबद्दल असं बोलणारी दुसरी मासेवाली मी पाहिली नाही.

ती वेणा नदीच्या काठच्या धिवरांतली. जाळं मुलगा टाकायचा, विकायची ती. परडीत झिंगे नेहमी असत, म्हणून हे नाव. मी तेव्हा विशीतला होतो. आणीबाणी नुकतीच उठलेली, आणि माझ्या खिशात कायम पत्रकांची घडी. मला ती कागदवाल्या म्हणे. "काऊन रे कागदवाल्या, आज कोनाचं राज्य उलटवून राह्यला?" असं ओरडून विचारायची आणि पळसाच्या पानात मूठभर झिंगे बांधून द्यायची. "घे. तुह्या मायले सांगजो, तिखट जास्त टाक म्हना. पोट्टा भाषनं करते."

त्या हिवाळ्यात महामार्गाच्या पुलावरून काळ्या तेलाचा एक टँकर वेणेत कोसळला. टँकर बाहेरगावचा, तेल बाहेरगावचं; नदी तेवढी आमची. कित्येक दिवस पाण्यावर काळी साय होती. मेलेले मासे काठाला लागले, जाळी डांबरात बुडवल्यासारखी झाली. मी वही घेऊन झिंगेमायकडे गेलो. "झिंगे पयले मेले," ती म्हणाली. "ते दगडाखाली रायते न. अन् तेल बी दगडाखालीच जाऊन बसते. वरतून पानी साफ दिसन, पन खाली ते बसलंच रायते."

तिची ती वाक्यं मी जशीच्या तशी पत्रकात घातली आणि वर मोठ्या अक्षरांत मथळा दिला: ‘वेणेचा मासा विष आहे!’ धिवरांना भरपाई मिळावी म्हणून आम्हा कार्यकर्त्या पोरांच्या समितीचा तहसिलीवर मोर्चा निघाला. खांद्यावर काळं जाळं घेऊन झिंगेमाय सगळ्यांत पुढे होती. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिहलं रे त्याच्यात?" तिने विचारलं. "तुमच्या बाजूनं लिहिलंय, माय," मी म्हणालो. मथळा वाचून दाखवला नाही.

सरकारने ते पत्रक वाचलं की नाही, मला माहीत नाही. गिऱ्हाइकांनी वाचलं. चहाच्या हॉटेलांत, न्हाव्याच्या दुकानात, गिरणीच्या फाटकावर आम्हीच ते चिकटवलं होतं.

भरपाईचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. झिंगेमाय मात्र दर बाजाराला येऊन बसे. पहिलं वर्ष तसंच गेलं. नदीत काही नव्हतंच. उन्हाळ्यात चिखल तापला की तेलाचे डोळे पुन्हा पाण्यावर येत. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मरळ दिसू लागली, तिसऱ्या वर्षी थोडे झिंगे. चिखलात राहणाऱ्या वामीला वास येई. तसली वाम झिंगेमाय स्वतःच्या हातांनी फेकून देई. चांगला तेवढाच मासा घेऊन बसे, आणि संध्याकाळी बराचसा परत नेई. "वेणेचा काय?" एवढं विचारून लोक पुढे जात.

एके दिवशी ती आमच्या समितीच्या खोलीवर आली. "कागदवाल्या, आता दुसरा कागद काढ. लिही का मासा चांगला हाये."

मी तिला समजावलं. अर्ज अजून निकाली निघायचा आहे, मासा चांगला आहे असं आपणच लिहिलं तर भरपाई बुडेल, टँकरवाला सुटेल. तत्त्वाचा प्रश्न आहे.

"पैसा देईन तवा देईन तो," ती म्हणाली. "मले बाजार पायजे, बापू."

मी लिहिलं नाही.

पुढच्या बाजाराला ती परडीसोबत एक झाकलेलं भगुणं घेऊन आली. मी दोन मित्रांबरोबर चाललो होतो. तिने हाक मारली, भगुण्यावरचं झाकण काढलं. झिंग्यांचा लालभडक रस्सा आणि सोबत भाकरी. "लिहू नोको," ती म्हणाली. "बस इथं अन् चार लोकायसमोर खाय. तू खाल्लं तं सारेच खातीन."

भोवती माणसं थांबली होती. मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. आपलंच पत्रक मलाही खरं वाटू लागलं होतं. पण त्याहून मोठी भीती ही की खाल्लं तर पत्रक खोटं ठरेल. मी म्हणालो, "माय, आज माझा उपास आहे."

देव मानत नाही असं याच बाजारात ओरडून सांगणारा मी. माझे मित्रच आधी हसले. मग बाकीचे हसले.

झिंगेमाय हसली नाही. "तुहा उपास," एवढंच म्हणाली आणि झाकण ठेवलं. "जाय बापू. उशीर होऊन राह्यला तुले."

त्यानंतर ती मासे घेऊन बाजारात आली नाही. मुलाने जाळं विकलं आणि तो सिंदीला हमालीला लागला. तिच्या जागेवर बर्फाच्या पेटीतले बाहेरगावचे मासे विकणारा एकजण बसू लागला.

तीन वर्षांनी ती मला अल्लीपूरच्या बाजारात दिसली. वेणेवर पंप लावून पाणी घेणाऱ्या एका मळेवाल्याकडे मजुरीला होती आणि त्याचीच मेथी विकत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात एक बाई आली. जुडी उचलून तिने विचारलं, "वेणेच्या पान्याची तं नाई न?"

झिंगेमायने माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाई व बाई," ती म्हणाली. "विहिरीची हाये."